अण्णांची हिरवी तार

मिस्त्री : …आणि आजाऱ्याला भेटायलाही पास. फोटो मागितला नाही हेच नशीब.

बायको : हळू बोला. समोर वॉर्ड आहे.

मिस्त्री : हळूच बोलतोय. त्या खिडकीतल्या बाईंना मी एवढंच विचारलं, की पासाशिवाय आत गेलो तर पेशंट बरा व्हायचा थांबतो का? तर म्हणाल्या, नियम आहे. मी म्हटलं, ताई, नियमाचं मला कशाला सांगता, माझं सगळं घर सध्या नियमावरच चाललंय. घरात नोंदणीकृत बायको आहे.

बायको : हसल्या का त्या?

मिस्त्री : हसायलाही त्यांना वरून मंजुरी लागत असेल.

बायको : ती पिशवी नीट धरा. संत्री घरंगळतील.

मिस्त्री : धरतो की. मदतनीसच आहे मी. काय लिहिलंय तुझ्या त्या परवान्यात? ‘नोंदणीकृत तारतंत्री यांच्या देखरेखीखाली काम करणारा मदतनीस.’ तारा ओढून ओढून केस पिकले माझे, आणि मी तारतंत्री नाही हे मला सरकारकडून कळलं.

बायको : परीक्षा नीट दिली असतीत तर तुम्हीही झाला असतात.

मिस्त्री : दिली की. निघाली तेव्हा तेव्हा दिली.

बायको : ‘विद्युतप्रवाह म्हणजे काय’ याचं उत्तर तुम्ही लिहिलंत, ‘हात लावून बघा’.

मिस्त्री : चूक आहे का ते? पेपर तपासणाऱ्याने एकदा हात लावायला हवा होता. जागच्या जागी पटलं असतं.

बायको : शून्य दिलं त्याने.

मिस्त्री : आणि तुला पैकीच्या पैकी. पुस्तक आणलं माझ्यासाठी, तू वाचून दाखवायला बसलीस, ऐकता ऐकता माझा डोळा लागला, आणि पास झालीस तू. असली ती परीक्षा. उद्या स्वयंपाकाची परीक्षा काढली तर मी पास होईन, आणि तू माझ्या देखरेखीखाली भाजी परतशील.

बायको : चालेल. सही करायला तरी तुम्ही शेगडीपाशी याल.

मिस्त्री : तो चौकातला वायरमन बघ. भिंतीवर तीन प्रमाणपत्रं, प्रत्येकावर सोनेरी शिक्का. परवा एका घरी पंखा लावून आला. पंखा सोडून सगळं घर हलायला लागलं म्हणे. पण हलणारं घर नोंदणीकृत आहे, त्यामुळे तक्रार नाही. आणि आता हा वॉर्डातला. खिशाला बिल्ला लावून फिरायचा, ओळखपत्र गळ्यात. करंटने ओळखपत्र वाचलं नाही वाटतं.

बायको : इथे बसा जरा, बाकावर. आत जायच्या आधी बोलायचं आहे.

मिस्त्री : बसलो. होऊ दे तुझी तपासणी.

बायको : तो पडला ते घर कोणतं, माहीत आहे तुम्हाला?

मिस्त्री : असेल कुठलंसं. बेकरीच्या मागचं म्हणत होते.

बायको : कुठलंसं नाही. जिन्याखाली मीटर, स्वयंपाकघराला दोन दारं. त्या घराचं वायरिंग माझ्या अण्णांनी आणि तुम्ही केलं होतंत. मी तिथे डबा घेऊन यायचे.

मिस्त्री : डबा द्यायचीस आणि निघायचं सोडून शिडीखाली उभी राहायचीस. मी पकड मागितली की पेचकस द्यायचीस.

बायको : विषय बदलू नका.

मिस्त्री : बदलत नाही. ते घर आठवलं की डबा आठवतो, त्याला मी काय करू?

बायको : त्या घरात हिरव्या तारेत फेज होती.

मिस्त्री : अण्णांच्या सगळ्याच घरांत आहे. त्यात नवीन काय?

बायको : सगळ्या जगात लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. हिरवी म्हणजे जिला हात लावला तरी काही होत नाही ती. शाळेतल्या मुलांनाही हे ठाऊक असतं.

मिस्त्री : सगळ्या जगात असेल. अण्णांकडे हिरवीत फेज आणि लाल तार जमिनीत. ते म्हणायचे, भिंतीतली डबी उघडली की उघडणाऱ्याला कळलं पाहिजे, हे घर कुणाचं आहे. तुझी सही कागदावर असते. अण्णांची भिंतीत होती.

बायको : कळलं की त्याला. कोपरापर्यंत कळलं.

मिस्त्री : तपासलं का नाही मग त्याने? टेस्टर काय कान कोरायला दिलाय?

बायको : उद्या त्याची सुनावणी आहे. नोंदणी कार्यालयाची समिती म्हणते, हिरव्या तारेत करंट असूच शकत नाही. याने चालू फेजला हात घातला आणि आता खोटं बोलतोय. घरमालकाने तर घाबरून दुसऱ्याच दिवशी सगळं वायरिंग उपटून नवं घालून घेतलं. दाखवायला काही शिल्लक नाही. उद्या त्याची नोंदणी जाणार. घर त्याच्या एकट्याच्या हातावर चालतं, आणि तो हातच बांधून ठेवलाय.

मिस्त्री : वाईट झालं.

बायको : वाईट झालं हे नुसतं माझ्यापाशी म्हणायला मी तुम्हाला इथवर आणलेलं नाही. त्याला सांगा, ती तार कुणी घातली. उद्या समितीला सांगा.

मिस्त्री : आलं लक्षात. म्हणजे उद्या मी उभा राहून सांगायचं, हा उद्योग माझा. परवा जो तो आपापली भिंत फोडून बघणार. मग तुझी नोंदणी जाणार, कारण तू सही करतेस ती माझ्याच कामावर. त्यानंतर आपण दोघांनी काय विकायचं? ही संत्री?

बायको : माझ्या सहीची सगळी कामं बरोबर आहेत. प्रत्येक डबी उघडून बघते मी.

मिस्त्री : ते ठाऊक आहे मला. मी हात धुवायला गेलो की तू स्टुलावर चढतेस. कधी कधी वाटतं, तुझ्या घरात नवरा नाही, संशयित राहतो.

बायको : नवरा आहे म्हणून दोनदा बघते. परक्याचं काम असतं तर एकदाच बघितलं असतं.

मिस्त्री : हे बघ, मी बोलणार नाही. अण्णा गेले. गेलेल्या माणसाला त्या टेबलापुढे उभं करायचं? हे हात त्यांनी घडवले माझे. मला ना आई ना बाप, त्यांनी दुकानात झोपायला जागा दिली, पुढे मुलगी दिली. नोंदणी म्हणे. वर गेल्यावर देव काय नोंदणी क्रमांक विचारणार आहे?

बायको : तो नाही विचारणार. तो विचारेल, तुझ्यामागून जो आला त्याचं काय झालं.

मिस्त्री : …आता हे कुठल्या पुस्तकात होतं?

बायको : चला आत. मी एक शब्द बोलणार नाही. बोलायचं तरी तुम्ही, गप्प बसायचं तरी तुम्ही. मी संत्री सोलते.

(दोघं वॉर्डात जातात. खिडकीजवळच्या खाटेवर वायरमन उशीला टेकून बसला आहे. वय फार नाही. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत बँडेजमध्ये, खांद्याला पट्टा. उशाशी एक रिकामं स्टूल.)

वायरमन : या मिस्त्री. काकू, तुम्हीपण आलात? बसा. ते स्टूल जरा जपून, एक पाय लुळा आहे त्याचा. नोंदणीकृत सुताराचं काम असावं.

मिस्त्री : तू हे म्हणतोस?

वायरमन : हाड मोडलं मिस्त्री, डोळे नाही फुटले. पडल्या पडल्या जीभ तेवढी धड आहे, म्हणून चालवतो.

बायको : संत्रं घ्या. बिया काढून देते.

मिस्त्री : काल म्हणे समितीवाले येऊन गेले?

वायरमन : दोघं आले होते. बूट काढू की नको यात थोडा वेळ गेला, मग चौकशी. मी सांगितलं, हिरव्या तारेला हात लावला. ते म्हणाले, हिरवीत करंट नसतो. मी म्हटलं, साहेब, होता. ते म्हणाले, नियमाप्रमाणे नसतो. मी हा हात पुढे केला. तर मोठे साहेब म्हणाले, हा तुमच्या निष्काळजीपणाचा पुरावा आहे. धाकट्या साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मला लवकर बरे व्हा म्हणाले. तेही लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

मिस्त्री : पण झालं कसं नेमकं?

वायरमन : स्वयंपाकघरात गिझर लावायचा होता. घरमालक खालून ओरडला, मेन बंद केला. त्याने बंद केला तो जिन्याच्या दिव्याचा स्विच. मी टेस्टर लावला. लाल तार, मेलेली. काळी, मेलेली. म्हटलं झालं. मग हिरवी सोलायला घेतली. हिरवीला कोण टेस्टर लावतं काकू?

बायको : मी लावते.

वायरमन : का?

बायको : सवय आहे. माहेरची.

मिस्त्री : तिन्ही तपासायला हव्या होत्यास तू.

वायरमन : हव्या होत्या. ती चूक माझीच, समितीलाही मी तेच सांगितलं. पुस्तकात स्पष्ट आहे, प्रत्येक तार तपासावी. मला पाठ होतं ते. परीक्षेत लिहिलं, मार्कही पडले. पण मिस्त्री, पाठ केलेलं काही वेळा बोटांपर्यंत उतरत नाही.

मिस्त्री : हेच मी सगळ्यांना सांगत आलोय. नोंदणीने बोटं शहाणी होत नाहीत.

वायरमन : ते खरं. पण तुम्हाला सांगतो, नोंदणी व्हायच्या आधी मला लोक ‘ए वायरवाला’ म्हणायचे. मागच्या दाराने ये, चपला बाहेर काढ, पाणी मागितलं तर वेगळा पेला. बिल्ला लागला आणि पहिल्यांदा एका बाईने नाव विचारलं. कागदाला शेंडा ना बुडखा, हे मलाही कळतं. पण त्या कागदाने मला पुढच्या दाराने आत नेलं.

मिस्त्री : हं.

वायरमन : आता तो कागद उद्या परत द्यायचा. जाऊ दे. मी विचार करतोय तो त्या माणसाचा. ज्याने ही तार घातली त्याचा. दुसरं करायला काय आहे इथे? काय वाटलं असेल त्याला? हिरवी तार स्वस्तात मिळाली असेल? का रंगांधळा होता?

मिस्त्री : रंगांधळा नसेल.

वायरमन : मग येडा असेल.

मिस्त्री : तसं कशाला. जुनी माणसं होती. त्यांची एक पद्धत असेल.

वायरमन : पद्धत? आडावर चादर अंथरून ठेवायची आणि ही सतरंजी आहे, बसा म्हणून सांगायचं, याला पद्धत म्हणतात?

मिस्त्री : तू काही तिथे नव्हतास ते काम झालं तेव्हा.

वायरमन : नंतर होतो ना. स्टुलावर.

बायको : अजून एक सोलू?

वायरमन : सोला काकू. म्हणून माझं मत झालंय, ज्याची नोंदणी नाही त्याला दुकानदाराने पकडसुद्धा विकू नये.

मिस्त्री : म्हणजे मला दारातूनच परत पाठवतील.

वायरमन : तुमची गोष्ट वेगळी, मिस्त्री. तुमचं काम सगळ्यांना ठाऊक आहे.

मिस्त्री : सगळ्यांना कुठे ठाऊक असतं.

वायरमन : पण एक कबूल करतो. तो जो कोणी होता, त्याचा हात देखणा होता. हिरवी सोलायच्या आधी जुना जॉइंट दिसला ना, मी क्षणभर बघतच राहिलो. असला पीळ आता कुणी देत नाही. पकड लावली तरी हलेना. आणि वर टेप. दोनच पदर, पण कसे, दाढी केल्यासारखे गुळगुळीत.

मिस्त्री : तीन.

वायरमन : काय?

मिस्त्री : तीन पदर. दोन रबरी, आणि तिसरा वरून कापडी, तो उलट्या अंगाने गुंडाळायचा. म्हणजे उन्हाळ्यात आतला डिंक पातळ झाला तरी वरचा पदर खालच्याला उलगडू देत नाही. दोन पदरांत काय होतंय? दोन पदर देऊन जो माणूस डबी बंद करतो, त्याने वायरमन होण्यापेक्षा…

वायरमन : वरचा कापडीच होता. मी नखाने खरवडून पाहिला. मला दोनच वाटले.

मिस्त्री : नखाने नाही कळत ते. कापडी पदर दाबून बसवलेला असतो, अंगठ्याने, गरम असतानाच. एकजीव होतो.

वायरमन : मिस्त्री.

मिस्त्री : अं?

वायरमन : तुम्हाला कसं माहीत हे?

बायको : माझ्याकडे बघू नका. मी गप्प बसणार म्हणून कबूल केलंय.

वायरमन : तुम्ही होतात तो.

मिस्त्री : मी आणि हिचे वडील.

वायरमन : वा. समितीपुढे मी खोटारडा, बायकोपुढे बेफिकीर, आणि तुम्ही माझ्या उशाशी बसून मला तिन्ही तारा तपासायला शिकवताय. वर संत्री.

मिस्त्री : संत्री हिने आणली.

वायरमन : आणि सापडलात कशावर, तर टेपच्या पदरावर. चोराने कोपऱ्यात लपून बसावं, आणि कुलूप ओबडधोबड फोडलंय असं कुणी म्हटल्याबरोबर रागाने बाहेर यावं.

मिस्त्री : दोन म्हणालास तू. मला ऐकवलं नाही.

वायरमन : निदान एवढं सांगा. का?

मिस्त्री : अण्णांची रीत होती. तेव्हा वायरमन होतेच किती इथे. होते ते सगळे अण्णांच्या हाताखालचे, नाहीतर अण्णांच्या ओळखीतले. अण्णांचं घर म्हटलं की हिरवीला जपायचं, हे ज्याला त्याला ठाऊक. कधी कुणाला बोटभर झटका बसला नाही. नोंदणी नव्हती, पण माणूस माणसाला ओळखत होता, तीच नोंदणी. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. त्यांची खूण म्हणून मी ती पुढे चालवली. एखाद्याने वडिलांची सही गिरवावी तशी.

बायको : ती सही नव्हती.

मिस्त्री : तू बोलणार नव्हतीस.

बायको : तुमच्याबद्दल बोलणार नव्हते. माझ्या वडिलांबद्दल बोलतेय. मी लहान होते. जेवताना अण्णा आईला सांगत होते, हिरवीत फेज घातली की गिऱ्हाईक कुठे जात नाही. दुसरा कुणी आला तर एकदा झटका खाईल आणि पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही. मग बोलावणं आपल्यालाच. आई हसली नाही. मी हसले. मला वाटलं, केवढे हुशार आहेत माझे वडील.

मिस्त्री : मला कधी असं म्हणाले नाहीत ते.

बायको : तुम्हाला कसे म्हणतील? तुम्ही त्यांचं बोलणं हात जोडून ऐकायचात. हात जोडलेल्या माणसाला कुणी असलं सांगतं का?

मिस्त्री : इतकी वर्षं तुला माहीत होतं.

बायको : हो.

मिस्त्री : आणि एका शब्दाने बोलली नाहीस.

बायको : तुमच्या देव्हाऱ्यातला देव मी कशाला हलवू? नव्या कामात हिरवी नको एवढं सांगितलं, तुम्ही ऐकलंत, तेवढ्यावर मी समाधान मानलं. जुन्या भिंतींचं मनात यायचं, मग वाटायचं, इतकी वर्षं काही झालं नाही ना. तेवढा दोष माझाही आहे.

मिस्त्री : म्हणजे ही शेवटी नोंदणीच निघाली. कुंपण घालायचं, आपल्या माणसाशिवाय कुणी आत यायचं नाही. अण्णांनी ते सरकारच्या आधी केलं, एवढंच.

वायरमन : फरक आहे मिस्त्री. सरकारच्या कुंपणावर पाटी असते. तुमच्या कुंपणात करंट होता आणि पाटी नव्हती.

मिस्त्री : …खरंय.

वायरमन : उद्या याल?

मिस्त्री : येतो. येऊन सांगतो. पण माझं ऐकतील का ते?

वायरमन : नाही ऐकणार. जोडणीबद्दलचा जबाब नोंदणीकृत माणसाचाच चालतो. कलम आहे तसं.

मिस्त्री : हे बरं आहे. चूक करायला नोंदणी लागत नाही, कबूल करायला लागते.

बायको : मी देते जबाब. आमच्या स्वयंपाकघरातला बोर्ड अण्णांच्या हातचा आहे, अजून तसाच. समितीला घरी नेऊन उघडून दाखवते. मग नियमाप्रमाणे असतो की नसतो ते त्यांनी ठरवावं.

मिस्त्री : अगं, पण तुझी नोंदणी जाईल त्यात. घरातली हिरवीसुद्धा बदलून घेतली नाही म्हणून तुलाच धरतील.

बायको : गेली तर गेली. मला ती तारा तपासायला दिली होती, फ्रेम करून टांगायला नाही.

मिस्त्री : फ्रेम मी केलीय.

बायको : माहितेय. खिळा वाकडा मारलात.

वायरमन : काकू, खरंच बोलाल तुम्ही? उद्या अकराला आहे.

बायको : अकराच्या आधी जाऊन बसेन. अहो, पण एक सांगा. अशी घरं किती असतील?

मिस्त्री : मोजली नाहीत कधी. पण भिंत न् भिंत डोळ्यांपुढे आहे. बेकरीची सगळी ओळ. छापखान्याच्या वरच्या खोल्या, तिथे तर छताला इतकी ओल होती की अण्णा मला म्हणाले, पोहत पोहत तार ओढ. मग चष्म्याच्या दुकानाचा माळा. डॉक्टरीणबाईंचं जुनं घर. शाळेची मागची बाजू, जिथे…

बायको : शाळा?

मिस्त्री : मागचीच बाजू. वर्गांचं वायरिंग नवं झालंय. मागे फक्त पाण्याची टाकी आहे, नळ आहेत आणि पंपाचा बोर्ड.

बायको : शाळेचं मला कधी सांगितलं नाहीत.

मिस्त्री : कधी विषयच निघाला नाही. बोर्डाचं झाकण मीच बसवलं होतं, चांगलं घट्ट. पंपाच्या अंगाची अर्थिंग म्हणून कुणी नवशिक्याने हिरवी जोडली, तर पंप, पाइप, नळ… पोरं तिथे ओल्या हाताने…

वायरमन : मिस्त्री, उद्यापर्यंत थांबू नका.

मिस्त्री : नाही, नाही. आत्ता निघतो. हत्यारं घरून घेतो आणि…

बायको : बसा. शाळा भरलेली आहे, पोरांच्या घोळक्यात तुम्ही भिंत उघडणार का? मी बाहेर जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना फोन करते. मागचा मेन बंद करा, नळाकडे कुणाला सोडू नका म्हणते. शाळा सुटली की आपण जाऊ.

मिस्त्री : का म्हणून विचारतील त्या.

बायको : सांगेन. आमच्या हातून झालंय, म्हणून.

मिस्त्री : आणि उघडायचं मी एकट्यानेच का…

बायको : एकट्याने नाही. माझ्या देखरेखीखाली.

मिस्त्री : चालेल. तू तिन्ही तारा तपास, पुन्हा तपास. मी मेनपाशी उभा राहीन, चुकून कुणी चालू करू नये म्हणून. मग तू सांगशील तेव्हा हात लावेन.

बायको : येते मी फोन करून. ती संत्री संपवा दोघांनी.

वायरमन : गेल्या काकू. मिस्त्री, तुम्ही खरंच नुसते उभे राहणार?

मिस्त्री : राहीन की.

वायरमन : बघायला यायला हवं होतं.

मिस्त्री : बरा झालास की ये. बेकरीची अख्खी ओळ बाकी आहे. हिची नोंदणी उरली नाही तर तुझी लागेल. तू नुसता खुर्चीवर बस आणि मला बोल लाव.

वायरमन : तीन पदर आहेत का, तेवढं बघेन.

मिस्त्री : …काय रे, फार दुखतं का?

वायरमन : आत्ता विचारलंत.

मिस्त्री : आधी विचारायला तोंड नव्हतं.

वायरमन : माणसं असली की नाही एवढं दुखत. बोलण्यात जातं. सगळे निघून गेले की मग सुरू होतं.

मिस्त्री : शाळा सुटायला अवकाश आहे अजून. बसतो मी.